डोळा मारणारी गाडी आणि ‘फुल असेंब्ली बदला’ म्हणणारे

पाणीपट्टीवरची पोस्ट उद्या टाकतो. कागदपत्रं हातात आलीत, सोडणार नाही. आज एका मोटरविषयी लिहायचं आहे. वाचून काही जण म्हणतील, याला आता काम उरलं नाही. म्हणू देत.

माझा शाळेतला मित्र मिशिगनमध्ये असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने १९९० ची कॉर्वेट घेतली, सेकंडहँड. आपण लहानपणी पोस्टरवर बघायचो ती जात. दिवे बॉडीत लपलेले, स्विच दाबला की गर्रकन फिरून वर येणार. गेल्या महिन्यापासून त्याचा एकच दिवा वर यायचा. दुसऱ्याच्या आत नुसतं घर्रर्र. चौकात उभा राहिला की गाडी समोरच्याला डोळा मारते, असं त्याची बायको म्हणते.

तिथल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, मोटर गेली, अख्खी बदला. पठ्ठ्याला पटेना. त्याने बॅटरीची वायर काढली, मोटरवरचा नॉब हाताने फिरवून दिवा वर घेतला, बोल्ट सोडून मोटर टेबलावर आणली आणि मला व्हिडिओ कॉल लावला. मला मोटरमधलं काय कळतंय? रविवारची संध्याकाळ होती. मी फोन घेऊन आमच्या रिवाइंडिंगवाल्या अण्णांच्या दुकानात गेलो.

अण्णांनी चष्मा चढवला. मित्राने वायर जोडून मोटर फिरवून दाखवली. अण्णा म्हणाले, “मोटर चांगली हाय की. मोटर फिरती आणि दिवा फिरत न्हाई म्हंजे मधलं कायतरी गेलंय. झाकण काढाय सांग.”

झाकण काढलं तर आत चुरा. मोटरच्या दांड्यावर वर्म, त्याला लागून नायलॉनचं गियर. त्या गियरच्या पोटात तीन छोटे प्लास्टिकचे रोलर असतात, गियरचा जोर पुढच्या दांड्याला तेच पोचवतात. तिन्हींचा तीस-पस्तीस वर्षांत भुगा झालेला. गियरचे दातही एका बाजूला खाल्लेले, कारण दिवा ठरावीक तेवढाच फिरतो, गियरचे तेच दात रोज मार खातात. ग्रीस वाळून मेण झालं होतं. अण्णा हसले. “अरं, मिक्सरचं कपलर हाय हे! आपल्या घरात जातंय तेच.”

आता इथे कुणी कंपनीला शिव्या घालायला नकोत. प्लास्टिक घातलं म्हणून मी तरी घालणार नाही. मिक्सरमध्ये हळकुंड अडकलं तर कपलर फाटतं आणि मोटर वाचते. मिशिगनच्या थंडीत दिव्यावर बर्फ गोठला आणि वर स्विच दाबला, तर काहीतरी तुटणारच. वीस-तीस रुपयांच्या लायकीचा तुकडा तुटलेला बरा. म्हणूनच पितळी गियर टाकावं की पुन्हा नायलॉनचं, यावर तिकडचे हौशी लोक अजून भांडतात. पितळ टिकतं, पण मग सगळा ताण मोटरवर. अण्णांचं मत नायलॉनचं.

मुद्दा असा की ती मोटर उघडत होती. स्क्रू होते, झाकण होतं. उघडत होती म्हणून आतलं काय जातं हे लोकांना कळलं, आणि कळलं म्हणून तिकडे छोटे धंदेवाले नुसतं गियर आणि तीन रोलर बनवून विकतात. मित्राला दोन माणसांच्या हॉटेलच्या जेवणापेक्षा कमी पैशांत किट मिळालं.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला स्वतःला नवी होती. अमेरिकेत १९४० पासून सगळ्या गाड्यांना एकाच मापाचे सीलबंद गोल दिवे सक्तीचे होते. दिवा फुटला तर कुठल्याही गावात तोच मिळणार. पुढे चौकोनी मापं आली, तीही ठरवून दिलेलीच. १९८३ साली नियम सैल झाला आणि प्रत्येक मॉडेलला आपापल्या आकाराचा दिवा आला. लपणारे दिवेही त्या मापांमुळेच फोफावले. नाक खाली ठेवायचं आणि दिवा मात्र ठरलेल्या मापाचा, ठरलेल्या उंचीवर हवा, मग तो आत लपवा आणि रात्री वर काढा. (त्याआधी १९३६ च्या कॉर्ड ८१० मध्ये तर डॅशबोर्डजवळची हँडलं हाताने फिरवून दिवे काढायचे!) पुढे दिवे लहान झाले, पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम आले आणि २००४ नंतर ही जात कारखान्यातून संपली.

आपल्याकडेही हेच होतं. अँबॅसिडर, जीप, बुलेट. गोल दिवा, बाहेर रिंग, दोन-तीन स्क्रू. तालुक्याच्या कुठल्याही दुकानात काच मिळायची.

आता माझं ऐका. माझी साधी हॅचबॅक, दहा वर्षांची. स्टिअरिंगजवळ दिवा वर-खाली करायची चक्री असते ना, तिच्यामागे प्रत्येक दिव्यात एक छोटी मोटर असते. डाव्या बाजूची गेली. दिवा बघतोय खड्ड्यात आणि मी चाललोय रात्रीच्या बातमीला. अधिकृत वर्कशॉपमध्ये गेलो. एसीत बसवलं, कॉफी दिली आणि सांगितलं, “सर, ती मोटर सेपरेट येत नाही. फुल असेंब्ली बदलावी लागेल.” साडेअकरा हजार. ज्या दिव्याची काच चांगली, बल्ब चांगला, रिफ्लेक्टर चांगला, तो भंगारात टाकायचा!

परत अण्णा. त्यांनी मागून हात घालून मोटर पाव फेरा फिरवून काढली. पण तिला स्क्रूच नाही. डबी कारखान्यात कायमची चिकटवलेली. ब्लेडने कापावी लागली. आत काय? नखाएवढ्या प्लास्टिक गियरचा एक दात. अण्णांनी भंगारवाल्याकडून अपघातातल्या गाडीचा दिवा आणून त्यातलं गियर बसवलं, डबी चिकटवली. तीनशे रुपये घेतले, तेही मी बळजबरीने दिले तेव्हा.

एका दातासाठी साडेअकरा हजार मागणाऱ्याला आपण ‘सर्व्हिस’ म्हणतो आणि तीनशेत काम करणाऱ्याला ‘जुगाडू’.

हे मी एकटा बोलत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. कारण काय? सुटे भाग आणि दोष शोधायची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत. कंपन्या वरती दाद मागायला गेल्या, नेहमीप्रमाणे. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनं आणि शेती अवजारंही धरली. पोर्टल झालं. छान झालं. पण पोर्टलवर गियर मिळत नाही. तिकडे मॅसॅच्युसेट्स राज्यात लोकांनी २०१२ साली मतदान करून कायदा आणला आणि दोन वर्षांत कंपन्यांना देशभरासाठी करार करावा लागला. लोकांनी मतपेटीतून मागितलं म्हणून मिळालं. आपल्याकडे प्रचाराच्या सभेत हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी वीस वर्षांच्या पत्रकारितेत ऐकलेलं नाही. मीही विचारला नाही, ही माझी चूक.

कंपन्यांचं उत्तर ठरलेलं आहे. बाहेर काम केलं तर धोका. त्यात तथ्य नाहीच असं नाही. कुठल्यातरी पोराने वायरिंग तोडून हॉर्न-लाइट बसवले आणि गाडी पेटली, अशा बातम्या मीच केल्यात. एअरबॅगला अण्णांनीही हात लावू नये. पण त्या पोराला वायरिंगचा नकाशा कुणी दिला होता? नकाशा कुलपात ठेवायचा आणि अंदाजाने काम करणाऱ्यावर बोट दाखवायचं, हा कुठला न्याय? आणि दिवा खाली बघतोय, पैसे नाहीत म्हणून माणूस तसाच हायवेवर जातोय, हा धोका कुणाच्या हिशेबात धरायचा?

अण्णांचा मुलगा दुकानात बसत नाही. आयटीआय करून तो एका वर्कशॉपमध्ये लागला. काय करतोस विचारलं तर म्हणाला, “काका, आम्ही उघडत नाही. कोड बघतो, पार्ट मागवतो, बदलतो.” अण्णा ऐकत होते. काही बोलले नाहीत, मोटरला तार गुंडाळत राहिले.

खासदारसाहेब पुढच्या आठवड्यात तालुक्यात येतायत. पत्रकार परिषदेत मी विचारणार आहे: समितीचं पुढे काय झालं, आणि सुटा भाग सुटाच विकला पाहिजे हे कायद्यात कधी येणार. तुमच्यापैकी ज्यांना ‘फुल असेंब्ली’ ऐकवलं गेलंय, मग ती गाडीची असो, फ्रिजची असो नाहीतर ट्रॅक्टरची, त्यांनी इस्टिमेटचा फोटो पाठवा. नाव-नंबर झाकून पाठवा. गठ्ठा करून त्यांच्यासमोर ठेवतो.

काल रात्री मित्राचा व्हिडिओ आला. दोन्ही दिवे वर आले, फक्त डावा अर्धा सेकंद मागे. मी अण्णांना दाखवला. ते म्हणाले, “ग्रीस कमी लावलंय त्यानं. परत उघडाय सांग.”