भरपाई मागणे हा लोभ नव्हे



रस्त्यावरच्या अपघातात घरचा मिळवता माणूस गेला, म्हणजे पहिले काही दिवस घर माणसांनी भरलेले असते. शेजारी जेवण आणून देतात, सातव्या दिवसाची मिस्सा होते, महिन्याची मिस्सा होते. मग पाहुणे आपापल्या गावी परततात आणि घरात उरते ती विधवा, शाळेत जाणारी मुले आणि बँकेचा हप्ता. त्याच सुमारास कोणी सुचवितो, ‘दावा लावा’. आणि घरातलेच कोणी वडीलधारे उत्तर देते, ‘माणूस गेला, आता पैसे घेऊन काय करायचे? देवाची इच्छा!’ हे उत्तर कानाला धार्मिक वाटते. परंतु ते धर्माला धरून नाही, हे आज आम्हाला सांगावयाचे आहे.

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांना ट्रक नवा नाही. डिचोलीच्या खाणींतून नदीवरच्या धक्क्यांकडे खनिज वाहणारे टिपर येथल्या पिढ्यांनी पाहिले. २०१२ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या. २०१४ च्या निकालानंतर त्या पुन्हा हलल्या, २०१८ च्या मार्चात पुन्हा थांबल्या, आणि लिलावानंतर २०२४ साली डिचोलीत खाणकामास पुन्हा आरंभ झाला. इकडे पेडण्यात पत्रादेवीपासून धारगळ, कोलवाळकडे जाणारा ६६ क्रमांकाचा महामार्ग रुंद झाला, मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत प्रवाशांना खुला झाला, आणि चिरे, खडी, सिमेंट वाहणाऱ्या गाड्या वाढल्या. यांतला पुष्कळसा ट्रक परक्याचा नसतो. तो आपल्याच वाड्यावरच्या कोणी कर्ज काढून घेतलेला असतो, आणि त्याच्या चाकामागे आपल्याच गावचा तरुण बसलेला असतो. म्हणूनच आपल्याकडे हा प्रश्न केवळ वकिलाचा राहत नाही, तो शेजारधर्माचा होतो.

प्रथम ‘देवाची इच्छा’ या शब्दांचा विचार करू. देवाने अपघात योजून आणला, असे ख्रिस्तसभा कधीच शिकवीत नाही. उलट वेगाच्या हव्यासाने किंवा दारूच्या अंमलाखाली रस्त्यावर दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध होय, असे तिच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात पाचव्या आज्ञेच्या विवेचनात स्पष्ट लिहिले आहे. आणि नुकसान करणाऱ्याने ते भरून द्यावे ही तर फार जुनी शिकवण. निर्गमाच्या २१ व्या अध्यायात मारक्या बैलाविषयीचा नियम आहे. बैल मारका आहे हे मालकाला आधी बजावलेले असून त्याने तो बांधून ठेवला नाही आणि बैलाने माणूस मारला, तर दोष केवळ बैलाचा नसतो, मालकाचाही असतो. त्याच अध्यायात असेही आहे की ज्याने दुसऱ्याला जायबंदी केले त्याने त्याच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई द्यावी व त्याला पूर्ण बरे करवावे. आजचे न्यायाधिकरणही हेच दोन रकाने मांडते: बुडालेली मिळकत आणि उपचारांचा खर्च. बैलाच्या जागी टिपर आला, एवढाच काय तो फरक.

काहीजण म्हणतात, हा रक्ताचा पैसा, तो नको. यहुदाच्या चांदीच्या नाण्यांची त्यांना आठवण होते. परंतु ती नाणी निरपराध्याला पकडून देण्याची किंमत होती. भरपाई ही मेलेल्याची किंमत नव्हे. माणसाची किंमत कोणत्याही न्यायालयाला करता येत नाही. जो घास तो रोज घरी आणीत होता तो आता कोणी आणावयाचा, एवढाच प्रश्न तेथे विचारला जातो. तो घास मुलांचा आहे. मोठ्यांनी आपल्या मानापमानासाठी त्याचे उदकदान करण्याचा अधिकार मोठ्यांना नाही.

आता कायदा काय देतो ते पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे दाव्याचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करावा लागतो. अपघात जेथे घडला तेथील, अर्जदार जेथे राहतो तेथील, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरण निवडता येते. सीमेपलीकडे सावंतवाडी-दोडामार्गात राहणाऱ्या आपल्या नातलगांनाही हे ठाऊक असावे. सर्व वारसांनी एकत्र जाणे उत्तम. एकाने अर्ज केला तरी तो सर्वांच्या हितासाठी चालतो.

रक्कम कशी ठरते याचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चौतीस वर्षांचा गवंडी, महिन्याची मिळकत १८,००० रुपये. मागे पत्नी, दोन मुले आणि म्हातारी आई. वर्षाची मिळकत २,१६,००० झाली. स्वतःच्या हिमतीवर कमावणारा माणूस चाळिशीच्या आत असेल, तर पुढील वाढीपोटी ४० टक्के मिळवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी ठरविले. बेरीज ३,०२,४०० झाली. अवलंबून असलेली माणसे चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला, उरले २,२६,८००. वयाच्या ३१ ते ३५ या गटासाठी गुणक १६, हे २००९ च्या निकालाने नक्की केले. गुणाकार ३६,२८,८०० रुपये होतो. अंत्यविधी, पती व पित्याच्या सहवासाची हानी इत्यादींच्या रकमा त्यावर वेगळ्या, आणि अर्जाच्या तारखेपासूनचे व्याज न्यायाधिकरण देऊ शकते.

हा हिशेब आम्ही मुद्दाम पूर्ण मांडला. आमच्या पाहण्यातल्या एका घरी मृत्यूच्या तिसऱ्याच दिवशी स्टँप पेपर आला होता. दोन लाख रुपये रोख घ्या व काही तक्रार नाही असे लिहून द्या, असा मजकूर. रडून रडून डोळे सुजलेल्या बाईचा अंगठा त्यावर उठणार, इतक्यात तिच्या दिराने कागद बाजूला ठेवविला. आणणारा मनुष्य दुष्ट नव्हता. त्याला वाटत होते की आपण उपकारच करीत आहोत. परंतु छत्तीस लाखांच्या जागी दोन लाख हा उपकार कसला? शोकाच्या आठवड्यात कोणत्याही कागदावर सही करू नये, हा नियम प्रत्येक घराने पाळावा.

याच जातीचा दुसरा एक धोका कायद्यातच आहे. चालकाचा दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळण्याची सोय २०१९ च्या दुरुस्तीने झाली. ज्यांच्यापाशी पुरावा नाही त्यांना ती मोठा आधार आहे. परंतु विमा कंपनीकडून ही रक्कम एकदा स्वीकारली, की मोठ्या रकमेसाठी केलेला दावा संपुष्टात येतो. तेव्हा आधी जाणत्याला विचारावे, मग हो म्हणावे. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीविरुद्धही अपील नसते, हे तेथे बसण्यापूर्वी ध्यानात असू द्यावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट मुदतीची. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याचे बंधन घातले. या बंधनाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश २०२५ च्या नोव्हेंबरात झाला. परंतु अंतरिम आदेश हा तात्पुरता आडोसा. त्याच्या भरवशावर घर बांधू नये. सातव्या दिवसाच्या मिस्सेपर्यंत पोलिसांतील तक्रारीची प्रत हाती असावी. महिन्याच्या मिस्सेपर्यंत पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, ट्रकाचा क्रमांक व विम्याचा तपशील, मृताच्या वयाचा व मिळकतीचा दाखला हे सारे एका पिशवीत जमलेले असावे. अपघाताची पहिली खबर पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यावयाची असते. ती दिली काय, हे ठाण्यावर जाऊन विचारण्यात संकोच नको. जखमी माणूस जगला असेल तर बांबोळीच्या इस्पितळातील प्रत्येक कागद व औषधाची प्रत्येक पावती जपावी. २०२५ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात.

ट्रक धडक देऊन पळाला व सापडलाच नाही, तरी वाट बंद नाही. अशा वेळी मृत्यूसाठी दोन लाख व गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये सरकारी निधीतून मिळतात. त्यासाठी आपल्या भागातील महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. आई गेली तर ‘ती कुठे कमवत होती?’ असे म्हणून स्वस्थ बसू नये. गृहिणीच्या श्रमालाही मिळकतीचे मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या जानेवारीत पुन्हा ठासून सांगितले. मृताच्या आयुर्विम्याचे पैसे मिळाले म्हणून भरपाई कापता येत नाही, हे महाराष्ट्रातील एका विधवेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडून १९९८ साली पक्के करून घेतले. शुभवर्तमानातील त्या विधवेची येथे आठवण होते, जी अन्यायी न्यायाधीशाच्या दारी पुनःपुन्हा जात राहिली. प्रभूने तिला लोभी म्हटले नाही. त्याने तिला प्रार्थनेचा कित्ता म्हणून आपल्यापुढे ठेविले.

ट्रक गावातल्याचाच आहे, दावा केला तर त्याचे घर बुडेल, ही शेजाऱ्याची भीती रास्त आहे. परंतु रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा त्रयस्थ व्यक्तींसाठीचा विमा सक्तीचा आहे, आणि तो याचसाठी की एका घराचे दुःख निवारताना दुसरे घर मोडू नये. पैसे सामान्यतः विमा कंपनी देते. मात्र मालकाने परवाना नसलेल्या पोराच्या हाती चाक दिले असेल, तर कंपनी आधी देऊन मग मालकाकडून वसूल करू शकते. आणि विमाच नसेल तर सारा बोजा मालकावर येतो. म्हणून ट्रक बाळगणाऱ्या बंधूंना आमची कळकळीची विनंती: विम्याची तारीख चुकवू नका, ब्रेक दुरुस्त ठेवा, आणि फेऱ्यांच्या संख्येवर चालकाची मजुरी ठेवून त्याला वाऱ्यावर सोडू नका. सणाला किंवा लग्नाला मालट्रकात माणसे भरून नेण्याची सवय तर टाकूनच द्या. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशांसाठी विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल २००२ सालीच झाला आहे.

चालकालाही विसरू नये. अपघातस्थळी जमाव त्याला मारतो, म्हणून तो पळतो. आणि तो पळाला की जखमीला उचलावयास कोणी राहत नाही, पुरावाही जातो. त्याला मारल्याने विधवेला एक पैसाही मिळत नाही. ट्रकाचा क्रमांक टिपा, १०८ ला कळवा, पोलीस येईपर्यंत थांबा. आणि चालकच दगावला, तर त्याचेही घर आपलेच आहे. कामगाराच्या कुटुंबाला भरपाई देणारा वेगळा कायदा आहे. दोन्ही कायद्यांखाली मागता येते तेथे कोणत्याही एकाच वाटेने जावे लागते, म्हणून येथेही आधी सल्ला घ्यावा.

‘क्षमा केली, मग दावा कसा?’ असेही विचारले जाते. क्षमा मनातला द्वेष सोडते, मुलांचा हक्क सोडीत नाही. जक्कयाने प्रभूला घरी घेतले तेव्हा त्याने केवळ डोळ्यांत पाणी आणले नाही, लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. २००७ च्या जूनमध्ये व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या; त्यांत मृतांच्या कुटुंबांना आधार द्या, ही एक आहे, आणि योग्य वेळी दोषी चालक व पीडित यांना क्षमेसाठी एकत्र आणा, ही तिच्या पाठोपाठ येणारी. हा क्रमही आम्हाला अर्थपूर्ण वाटतो.

मग धर्मग्रामाने काय करावे? शोकाकुल घराबरोबर पोलीस ठाण्यात जाईल असा एक लिहिता-वाचता माणूस प्रत्येक वाड्याने नेमावा. स्त्रिया, मुले, कामगार व अपंग यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तेथवर त्यांना पोहोचवावे. मिळालेल्या रकमेत हिस्सा मागणारा वकील असेल तर त्याला दुरूनच नमस्कार करावा, कारण तसे ठरविण्यास वकिलांचे नियमच मनाई करतात. आणि पैसे हाती आले की नातलगांच्या उधाऱ्यांत ते विरघळू देऊ नयेत. अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम बँकेत मुदतठेवीत ठेवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच न्यायाधिकरणांना बजावले आहे. घरच्या वडीलधाऱ्यांनीही तेच धोरण ठेवावे.

विधवा व अनाथ यांचा कैवार घ्या, ही संदेष्ट्यांची हाक आपण मिस्सेत वारंवार ऐकतो. ती ऐकून गुडघे टेकणे सोपे. सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल होईल इतके धावणे अवघड. परमेश्वर आपल्याला दोन्हींसाठी बळ देवो.