बाटलीतले दिवे

'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोग आपल्याकडे शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाने रूढ केला आणि पुढे तो कुणी तपासून पाहिला असे दिसत नाही. नारळाच्या करवंटीला किंवा जुन्या लग्नपत्रिकांना तो लागू पडत असेल. काचेच्या बाटलीला मात्र मुळीच पडत नाही. बाटली जन्मतःच टिकाऊ असते. आतले सरबत, औषध वा मद्य संपते, ती संपत नाही. तेव्हा तिचा दिवा, पेला वा फुलदाणी करणारा माणूस वस्तुतः टिकाऊचे शोभिवंत करीत असतो. शोभेला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो शोभेने उपयुक्ततेचे आणि पर्यावरणनिष्ठेचे श्रेय परस्पर लाटण्याला.

हे सुचले ते एका प्राध्यापकमित्राच्या घरी. त्याच्या जेवणाच्या मेजावर बुडे कापलेल्या तीन हिरव्या बाटल्या टांगलेल्या होत्या आणि आत दिवे तेवत होते. मीही स्तुती केली, कारण ते दृश्य खरोखरच सुंदर होते. 'नाहीतर कचऱ्यातच गेल्या असत्या,' तो म्हणाला. इथे मात्र मी अडखळलो. त्या बिअरच्या बाटल्या होत्या. आपल्याकडे त्या भंगारवाल्यामार्फत गोळा होतात, धुतल्या जातात आणि पुन्हा भरल्या जातात. मित्राने बूड कापले त्या क्षणी तिन्ही बाटल्यांचे ते फिरते आयुष्य संपले. 'काय दिवे लावले!' या मराठी उद्गाराचा इतका तंतोतंत प्रत्यय क्वचितच येतो. (हे मी त्याला सांगितले नाही. जेवण अजून व्हायचे होते.)

जुन्या बाटलीला या मुंबईत प्रतिष्ठा नसेल, पण किंमत फार पूर्वीपासून होती. सर जमशेटजी जीजीभाई (1783–1859) यांची उमेदवारी मामांच्या रिकाम्या बाटल्यांच्या व्यापारात झाली आणि त्यांनाही लोक काही काळ 'बाटलीवाला' म्हणत. 1857 मध्ये सुरू झालेली कलाशाळा ज्यांच्या देणगीतून उभी राहिली आणि आजही ज्यांचे नाव मिरवते, ते हेच गृहस्थ. बाटली आणि कला यांची गाठ आपणच प्रथम घातली, असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

बाटली कापणे दिसते तितके सोपेही नाही. रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा गुंडाळायचा, पेटवायचा आणि बाटली गार पाण्यात बुडवायची, ही सर्वतोमुखी झालेली कृती. तापलेली काच एकाएकी आकसते आणि तडकते. पण साच्यातून निघालेल्या बाटलीची जाडी सर्वत्र सारखी नसते, त्यामुळे तडा मनाला येईल तिकडे धावतो. काचकापणीने आधी रेघ ओढून मग आळीपाळीने गरम व गार पाणी सोडले तर तो बराचसा रेघेवर राहतो. पुढे कड पाण्याखाली पॉलिशपेपरने घासावी लागते, कारण काचेची कोरडी पूड फुफ्फुसात जाणे घातक. इतके करूनही त्या पेल्याला ओठ लावताना मन क्षणभर कचरतेच.

आमच्या लहानपणी बाटलीला दुसरे आयुष्य होते, पण 'शैली' हा शब्द त्याच्या वाऱ्याला उभा नव्हता. दवाखान्यात बाटली घरून न्यावी लागे. कंपाउंडर तीत लाल मिक्श्चर भरी आणि बाजूला कातरलेली कागदी पट्टी चिकटवी. दोन खाचांमधले अंतर म्हणजे एक डोस. औषध संपले की झाकणाला भोक पाडून, वात ओवून, तिचीच चिमणी होई. हे सांगताना माझा स्वर हळवा होऊ लागतो, आणि तेवढ्यात मामी आठवते. आजोळच्या स्वयंपाकघरात अशीच एक चिमणी कलंडली आणि तिचा पदर पेटला. कोपरापर्यंतचा तो व्रण तिने जन्मभर लांब बाहीच्या पोलक्याखाली झाकला. तेव्हा गरजेपोटी केलेली वस्तू आपोआप चांगली असते, हेही मला मान्य करता येत नाही.

श्रीलंकेत अशाच दिव्यांनी भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणारे शल्यचिकित्सक विजया गोडाकुंबुरा यांनी या प्रश्नाला हात घातला. मार्माइटची बुटकी, जड बाटली पाहून त्यांना आकार सुचला. त्यांच्या 'सुदीपा' दिव्याची काच जाड आहे, धातूचे झाकण आट्यांचे आहे, म्हणून तो पडला तरी तेल सांडत नाही. आणि दोन बाजू सपाट आहेत, म्हणून तो घरंगळत जात नाही. 1998 मध्ये त्यांना या कामासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. साहित्याच्या वर्गात आपण शैली आणि अलंकरण यांतला भेद शिकवतो, तेव्हा उदाहरणे नेहमी कवितेतली घेतो. मला हा दिवा अधिक नेमका वाटतो. त्याच्या प्रत्येक रेषेला कारण आहे, आणि ते कारण एखाद्या बाईचा पदर आहे.

मित्राच्या मेजावरच्या बाटल्यांना मी हाच प्रश्न विचारतो: हा आकार कशासाठी? 'छान दिसतो म्हणून' हे उत्तर मला पुरते, ते तेवढ्यावर थांबले तर. टवका उडालेली, कुणी परत न घेणारी, एकुलती एक बाटली खुशाल कापावी, रंगवावी, तीत मनीप्लांट लावावा. पण धडधाकट बाटलीला तिचेच काम करू देण्यात काय कमी सौंदर्य आहे, ते मला अजून कळलेले नाही.

मित्राला आता आमच्याकडची एक जुनी औषधाची बाटली हवी आहे. तिच्या अंगावर पट्टीच्या डिंकाचा माग अजून दिसतो. त्यामागे दिवा लावला तर फार 'परिणामकारक' होईल, असे त्याचे म्हणणे. मी ती दिलेली नाही. सध्या तीत खोबरेल आहे.