नकाशावरचे ‘पडीक’ आणि पक्ष्यांचे माळरान

ज्या जमिनीवर झाड नाही ती जमीन रिकामी, हा समज भारतात फार खोलवर रुजलेला आहे. थरच्या वाळवंटापासून सोलापूरच्या माळापर्यंत आणि तिथून बंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्यापर्यंत हा समज पक्ष्यांना महागात पडला आहे. तो खोडून काढण्याचे अत्यंत स्वस्त साधन म्हणजे शिस्तीने केलेले पक्षिनिरीक्षण. मात्र हे साधन शहरांइतके मरुभूमीतील गावांपर्यंत पोहोचलेले नाही आणि खरी अडचण तिथेच आहे.

एम. डी. मधुसूदन आणि बंगळुरूच्या ‘अत्री’ संस्थेतील अबी वनक यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे देशातील निमशुष्क खुल्या परिसंस्थांचा नकाशा तयार केला. गवताळ माळ, काटेरी झुडपांची राने, वाळूच्या टेकड्या अशा या प्रदेशांनी देशाचा सुमारे १० टक्के भूभाग व्यापला आहे. त्यातील जवळपास दोन तृतीयांश क्षेत्र सरकारी नोंदींत ‘पडीक’ ठरते. संरक्षित क्षेत्रांत येणारा वाटा ५ टक्क्यांहूनही कमी आहे. महसूल न देणारी जमीन निरुपयोगी मानण्याची वसाहतकालीन पद्धत शब्दाच्या रूपाने अशी आजही टिकून आहे.

पक्ष्यांची साक्ष याच्या नेमकी उलट आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला आणि १७८ जाती संवर्धनासाठी उच्च प्राधान्याच्या ठरल्या. माळरानांसारख्या खुल्या अधिवासांवर अवलंबून असलेल्या पक्ष्यांची घट त्यात ठळकपणे दिसते. या अहवालाचा पाया म्हणजे सुमारे ३० हजार निरीक्षकांनी ‘ई-बर्ड’वर केलेल्या ३ कोटींच्या आसपास नोंदी. एखादी जात शंभरांपैकी किती याद्यांत आढळते, हे प्रमाण वर्षानुवर्षे तपासले की तिच्या संख्येचा कल कळतो. त्यासाठी यादी पूर्ण असावी लागते. दिसलेला आणि ओळखलेला प्रत्येक पक्षी तिच्यात नोंदला गेला, तरच न दिसलेल्या पक्ष्याच्या अनुपस्थितीला अर्थ येतो.

या पद्धतीची मर्यादाही याच ठिकाणी उघड होते. जिथे निरीक्षक अधिक, तिथे नोंदी अधिक. बंगळुरूच्या एखाद्या तळ्याच्या याद्या वर्षभर भरत राहतात. जैसलमेर-बाडमेरकडील विस्तीर्ण टापूंवर मात्र नोंदी विरळ आहेत. नकाशावरची ती पोकळी निरीक्षकांची असते, पण प्रकल्पासाठी जागा शोधणाऱ्याला ती पक्ष्यांची वाटू शकते.

वाळवंटातील समाजाला पक्ष्यांचे प्रेम शिकवण्याची गरज नाही. फलोदीजवळच्या खिचन गावात हिवाळ्यात येणाऱ्या हजारो कुरजांना ग्रामस्थ पिढ्यान्‌पिढ्या दाणे घालत आले आहेत. बिश्नोई समाजाची वन्यजीवांवरील निष्ठा सर्वश्रुत आहे. देवीदेवतांच्या नावाने राखलेल्या ‘ओरण’ जमिनींनी चराऊ कुरणे आणि पक्षी दोन्ही सांभाळले. मात्र श्रद्धेची छाया सर्व जातींवर सारखी पडत नाही. मातकट रंगाचे चंडोल, धाविक, पाखुर्डी यांच्यासाठी कोणी दाणे टाकत नाही. त्यांना अखंड माळ लागतो. गुराख्याला त्यांची घरटी ठाऊक असतात, पण ते ज्ञान कोणत्याही यादीत उतरत नाही.

माळढोकाची कथा याचा धडा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजमध्ये १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. आज तिथे त्याचे दर्शन दुर्मीळ आहे. उरलेल्या, दीडशेहून कमी मानल्या जाणाऱ्या पक्ष्यांपैकी बहुतेक थरमध्ये आहेत. वजनदार शरीर आणि समोरचे मर्यादित दिसणारी नजर यांमुळे त्यांना उडताना वीजवाहिन्या टाळता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश दिला आणि २०२४ मध्ये तो शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. सौरऊर्जा देशाला हवी आहे, यात वाद नाही. वाद आहे तो जागेच्या निवडीचा, आणि निवड शहाणी व्हायची तर त्या जागेवर काय जगते याची नोंद आधीपासून असावी लागते.

अशी नोंद उपयोगी पडते, हे हेसरघट्ट्याने दाखवले. चित्रनगरीसाठी विचारात घेतलेल्या या गवताळ प्रदेशाचे मोल बंगळुरूच्या निसर्गप्रेमींनी वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांतून मांडले. अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ५,६७८ एकर क्षेत्राला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. शेजारी महानगर होते, म्हणून साक्षीदार मिळाले. थरच्या माळाला ती सोय नाही.

म्हणून राजस्थानातील महाविद्यालयांनी, शाळांनी आणि ओरण राखणाऱ्या गावांनी दर आठवड्याला पंधरा मिनिटांची एक पूर्ण यादी करावी; पक्ष्यांची स्थानिक नावे तिच्यात सन्मानाने यावीत; आणि बंगळुरूसारख्या ठिकाणच्या संशोधकांनी विश्लेषणाच्या श्रेयात या निरीक्षकांना वाटा द्यावा. गोडावण हे नाव ज्याच्या तोंडी आहे, त्याच्या हातची नोंद ‘पडीक’ या शब्दाला सर्वांत समर्थ उत्तर ठरेल.