शेवटच्या पंगतीची जिलबी

येत्या महिन्यात आमच्या वहिनींना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतात. समारंभ नको, सत्कार नको, हारतुरे तर मुळीच नकोत, असे त्यांनी बजावून ठेवले आहे. तेव्हा घरच्याच सव्वीस माणसांनी कुठेतरी एकत्र जेवावे, एवढेच ठरले. पुतणी म्हणाली, रविवारचा ब्रंच बुफे. जागा शोधण्याचे काम माझ्या गळ्यात आले, कारण मी बँकेत अधिकारी होतो आणि बँकेतल्या माणसाला बिल वाचता येते असा आमच्या घरात समज आहे. (कादंबऱ्या लिहितो म्हणून आजवर कोणी मला काही काम सांगितल्याचे स्मरत नाही.)

ब्रंच हा शब्द इंग्रजीत १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या लेखकाने रूढ करू पाहिला. शनिवारी रात्र जागवणाऱ्यांना रविवारी भल्या सकाळी न्याहारी आणि लगेच जड जेवण कशाला, दोन्ही मिळून उशिरा एकच खाणे असावे, असे त्याचे म्हणणे. आमच्या सव्वीस जणांत शनिवारची रात्र जागवणारे फार तर दोघे. बाकीच्यांची रात्र जागते ती गुडघेदुखीने. असो.

माझा बुफेला जुनाच विरोध आहे. जेवण म्हणजे पंगत, हे मनात पक्के बसलेले. पानात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. भाताची मूद समोर. बुफेच्या प्लेटला डावे-उजवे नसते. पनीरचा रस्सा पुलावात शिरतो, पुलाव गुलाबजामला जाऊन भिडतो. आणि आग्रह? 'अजून एक घ्या' म्हणणारा कोणी नसेल, तर दुसरा लाडू माणसाने कोणत्या तोंडाने घ्यावा?

तरी सांगितलेले काम म्हणून तीन हॉटेले पाहून आलो. तिथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. सगळे ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढायला येत नाहीत, या भरवशावर बँक चालते. बुफेचेही तसेच. चार इडल्या खाऊन उठणारा म्हातारा आणि तीनदा कोळंबी घेणारा त्याचा नातू, दोघांना दर एकच. म्हाताऱ्याच्या पैशांतून नातवाची कोळंबी निघते. मांडणीही विचारपूर्वक. रांगेच्या तोंडाशी सूप, पाव, सॅलड, नूडल्स. पोट अर्धे भरल्यावर महागाचे पदार्थ दिसू लागतात आणि ते वाढायला तिथे माणूस उभा असतो, म्हणजे आपणच संकोचून 'पुरे' म्हणतो.

दराच्या पाटीवर कर धरलेला असेलच असे नाही. ज्या हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर, तिथल्या जेवणावर साधारणतः १८ टक्के जीएसटी; साध्या उपाहारगृहात ५ टक्के. माणशी १,८०० रुपयांचे बघता बघता २,१२४ होतात. वर सेवाशुल्क. ते ग्राहकाच्या बिलात आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. मी हे नम्रपणे सांगताच एका व्यवस्थापकाचे हसू निम्म्यावर आले.

एवढी माहिती हाताशी आल्यावर मी निकाल देऊन टाकला. बुफे रद्द. कार्यालयाचा छोटा हॉल घ्यायचा, केळीची पाने मांडायची, अळूची भाजी, मसालेभात, मठ्ठा, जिलबी. बेत घेऊन मोठ्या ऐटीत दादाकडे गेलो. दादा खूश झाला. वहिनी वाटाणे सोलत होत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या लग्नात मी किती वाजता जेवले, आठवतं?"

मला कसे आठवणार?

"साडेचारला. जिलबी संपली होती."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नोंद होती. १९७१ साली त्या आमच्या घरात आल्या तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्यानंतरची मुंज, बारसे, मंगळागौर, श्राद्ध, एकेक डोळ्यांपुढे आणून पाहिले. प्रत्येक ठिकाणी वहिनी दिसल्या त्या वाकून वाढताना. बसून जेवताना दिसेनात. आग्रहाच्या ज्या आठवणी मी इतकी वर्षे गोंजारल्या, त्या पहिल्या पंगतीला बसलेल्याच्या आहेत. तो आग्रह करणारीचे पोट तेव्हा रिकामे होते.

पंगतीत कोणी बसायचे आणि कोणी नाही, याचा इतिहास तर याहून कडू आहे. समतानंद अनंत हरी गद्रे यांना झुणका-भाकरीच्या प्रसादाचे सत्यनारायण घालून स्पृश्य-अस्पृश्यांना एकत्र जेवायला बसवावे लागले, ते उगीच नव्हे. वाढण्यातल्या आपपरभावाला आपल्या भाषेत 'पंक्तिप्रपंच' असा स्वतंत्र शब्दच आहे. बुफेच्या रांगेत असली तरतूद नाही, एवढे तिचे श्रेय मला मान्य करावे लागले.

"पण कार्यालयात वाढपी असतात, तुम्हाला उठावं लागणार नाही," मी चिवटपणे म्हटले.

"वाढपी असले तरी मी उठते. सवयच आहे. तिथे भांडीच त्यांची असतील तर बसेन."

मी पुन्हा हॉटेलांच्या वाऱ्या सुरू केल्या, पण आता प्रश्न निराळे होते. कारण बुफेतही मी पाहिले होते ते एवढेच, की बाप्ये खुर्चीवर आणि बायका दोन हातांत तीन प्लेटा सावरत टेबलाकडे येताहेत. म्हणजे स्वयंपाकघर गेले, वाढपाचे काम राहिले. म्हणून विचारले: टेबल रांगेपासून किती पावलांवर? पायऱ्या आहेत का? दोन तासांनी उठवणार का? डोसे टेबलावर आणून देता का? गाण्याचा आवाज कमी कराल का, दादाला श्रवणयंत्र आहे. एका ठिकाणी या साऱ्यांना सरळ उत्तरे मिळाली. कोळंबी तिथे नाही; नातवाने निषेध नोंदवला आहे.

घरात फर्मान काढले, की प्रत्येकाने आपली प्लेट आपण आणायची आणि वहिनींची दादाने. दादा ऐंशीचा. त्याने आयुष्यात पाण्याचा पेलासुद्धा हाताने भरून घेतलेला नाही. तो घाबरला आहे. आधी काय घ्यायचे, हे त्याने मला दोनदा फोन करून विचारले.

बुधवारी आगाऊ रक्कम भरली, पावती घेतली आणि वहिनींना कळवले. त्यांनी एकच विचारले, "जिलबी आहे का?"

"आहे. समोर तळून देतात. साडेअकराला कढई चढते."

"मग आपण सव्वाअकराला पोचू," वहिनी म्हणाल्या.