फुकट आणि मुक्त

परवा लातूरला बहिणीकडे गेलो होतो. भाचा नांदेडला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सुट्टीला आला होता. प्रोजेक्टचं काय म्हणून विचारलं, तर म्हणाला, "विकत घ्यायलोय मामा. सगळेच घ्यायलेत." लॅपटॉपवरचं निम्मं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं. मी तोंड उघडणार, तोच म्हणाला, "पहिली क्रॅकची सीडी तुम्हीच आणून दिली होती की!"

खरं आहे. म्हणून हे आधी स्वतःलाच सुनावतो आहे.

चोरीचं सॉफ्टवेअर फुकट असतं, पण पेटी बंदच. कुठे टिचकी मारायची एवढंच त्यातून शिकता येतं. मुक्त सॉफ्टवेअरचा कोड वाचता येतो, बदलता येतो, बदललेला वाटता येतो. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स जालावर ठेवलं, तेव्हा तो २१ वर्षांचा होता, म्हणजे आमच्या भाच्याएवढाच. जगभरच्या लोकांनी त्यात चुका काढल्या, भर घातली. आज आपल्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो आणि २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणकही लिनक्सवरच चालतात. "फुकटचं ते काय कामाचं" म्हणणाऱ्यांना एवढं पुरे.

दुसरी सबब इंग्रजीची. तर मंडळी, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, लिब्रेऑफिसचे छोटे छोटे धडे मराठी आवाजात आहेत. तिथल्याच 'फॉसी' प्रकल्पाने महागड्या मॅटलॅबऐवजी सायलॅब कॉलेजांपर्यंत नेलं. पैसा लागत नाही, भाषाही आपलीच.

मग अडतं कुठे? राग येईल, पण बोलतो. आपल्या पॅटर्नमध्ये अडतं. लातूर पॅटर्नने खेड्यातल्या पोरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, याचा मलाही अभिमान आहे. पण तिथे प्रश्न ठरलेला आणि उत्तरही ठरलेलं. प्रोग्राममधल्या दोषाचं उत्तर कुठल्याच गाइडात नसतं. चारचौघांत "मला कळलं नाही" असं विचारावं लागतं. अनोळखी माणसाने आपल्या कोडमधल्या चुका दाखवल्या तर त्या गिळाव्या लागतात. हे आपण पोरांना शिकवलंच नाही. तयार उत्तरांची सवय लागली की तयार प्रोजेक्टही विकत घ्यावासा वाटणारच.

भाच्याला म्हणालो, "विकत घेऊ नकोस. एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरमधला एक छोटा दोष शोध, दुरुस्त कर, पाठव. नाकारला तर का नाकारला ते वाच." त्याने शांतपणे विचारलं, "याला मार्क मिळतील का, मामा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते कॉलेजांनी द्यायचं आहे. विकतच्या प्रोजेक्टला सही करणारा हात, पोराने स्वतः केलेल्या दहा ओळींच्या दुरुस्तीला का करत नाही?