अर्थ सुटलेली मोटार

मराठीच्या प्राध्यापकाने मोटार बाळगू नये, असा विद्यापीठाचा काही नियम नाही. असता तर फार बरे झाले असते, असे गेल्या वर्षभरात मला अकरा वेळा वाटले. अकरा हा आकडा अलंकारिक नाही. आमची मोटार अकरा वेळा बंद पडली आणि त्या अकराही तारखा माझ्या डायरीत नोंदलेल्या आहेत. का नोंदल्या, ते पुढे येईलच.

नवी मोटार घ्यायची ऐपत नव्हती आणि जुनी घ्यायची छाती नव्हती. अशा लोकांसाठी बाजारात एक तिसरी जात असते. तिला 'जवळजवळ नवी' असे म्हणतात. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास अशीच एक 'जवळजवळ नवी' आम्ही पाहायला गेलो. व्यापारी मोठा गोड बोलणारा होता. "एका हाताची गाडी, अकरा महिन्यांची, साडेसहा हजार किलोमीटर. मालक परदेशी गेले म्हणून, नाही तर अशी वस्तू कोण विकतं साहेब? कंपनीची हमीसुद्धा शिल्लक आहे." किंमत साडेसात लाख. आमच्या हिने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाली, "समोरून तर अगदी कोरी दिसते हो. रंग बघा कसा आरशासारखा आहे!"

"वहिनी, तोंडावर एक ओरखडा दाखवा नि गाडी फुकट घेऊन जा," व्यापारी म्हणाला.

वाचकहो, हे रंगाचे वाक्य जरा लक्षात ठेवा. मी मात्र त्या वेळी लक्ष दिले नाही. वीस वर्षे मी मुलांना सांगत आलो आहे की, प्रत्येक शब्द तोलून पाहावा. जवळजवळ पास झालेला विद्यार्थी हा नापासच असतो. पण स्वतःचे साडेसात लाख मोजताना 'जवळजवळ' हा शब्द माझ्या कानांवरून वाऱ्यासारखा निघून गेला.

तिसऱ्याच आठवड्यात कॉलेजच्या फाटकात गाडीने पहिला असहकार पुकारला. किल्ली फिरवली की आतून 'टक्' असा एक आवाज यायचा, समोरचे सगळे दिवे एकदम लुकलुकायचे आणि मग शांतता. एरवी माझ्या तासाला जी मुले कधी दिसत नाहीत, ती सगळी गाडी ढकलायला वेळेवर हजर झाली. गाडी ढकलल्यावर सुरू झाली. टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या मला व्याख्यानाला कधी पडलेल्या नाहीत.

गाडी कंपनीच्या अधिकृत कारखान्यात नेली. तिथे ती पहिल्या किल्लीला सुरू झाली. घरी तापाने फणफणलेले पोर डॉक्टरांच्या पायऱ्या चढताच खेळू लागते ना, तसे. गणवेशातल्या एका मुलाने गाडीला एक यंत्र जोडले, पडद्यावर पाहिले आणि म्हणाला, "सर, व्होल्टेज कमी झाल्याची नोंद आहे. बाकी काही नाही. बॅटरी बदलून टाका." बॅटरीला हमी लागू नव्हती. साडेपाच हजार रुपये मोजून नवी बॅटरी घातली. ती नऊ दिवस चालली. दहाव्या दिवशी मंडईसमोर, हातात दोन कोबीचे गड्डे नि पिशवीभर मेथी घेऊन आम्ही उभयता पुन्हा गाडीच्या मागे. त्यानंतर त्यांनी हमीतून स्टार्टर बदलला. मग कसलेसे रिले बदलले. कागदावर दर वेळी एकच शेरा असे : 'तपासणीत दोष आढळला नाही.'

हळूहळू मला एक नवी सवय लागली. गाडी उतारावरच उभी करायची. पुण्यात किती ठिकाणी किती उतार आहे, याचा एवढा सूक्ष्म अभ्यास महानगरपालिकेच्या अभियंत्यांनीसुद्धा केला नसेल. नातेवाइकांकडे जायचे तर आधी त्यांच्या दारचा रस्ता आठवायचा. सपाटीवर राहणाऱ्या दोन घरांशी आमचे जाणे-येणे जवळपास बंदच झाले.

इथवर हा सगळा हसण्याचा मामला होता. पुढचा नाही.

जानेवारीत वाईहून फोन आला. आईची थोरली बहीण, आमची मावशी, अंथरुणाला खिळली होती. वय चौऱ्याऐंशी. आई स्वतः अठ्ठ्याहत्तरची. ती एवढेच म्हणाली, "मला ताईला बघायचंय रे." संध्याकाळी सहाला निघालो. आईने मावशीसाठी आल्याच्या वड्यांचा डबा मांडीवर घेतला होता. आईला मधुमेह आहे, वेळेवर काहीतरी पोटात जावे लागते, म्हणून सुरूर फाट्याला चहासाठी थांबलो. गाडी बंद केली आणि ती बंदच राहिली. तिथे उतारही नव्हता आणि हाकेला धावणारी मुलेही नव्हती. फोनवरून टॅक्सी बोलावू गेलो, तर 'जवळपास वाहन उपलब्ध नाही' असे उत्तर. वाई तिथून जेमतेम दहा-बारा किलोमीटर. पण मागच्या आसनावर डबा घट्ट धरून बसलेल्या आईकडे पाहिले की ते अंतर काशीएवढे वाटत होते.

दोन तासांनी पुण्याच्या बाजारात भाजी उतरवून परतणारा एक रिकामा टेम्पो थांबला. ड्रायव्हरने, "आजी, इथं बसा," म्हणून आईला पुढे शेजारी घेतले आणि मी मागे, रिकाम्या क्रेटांत. अकराच्या सुमारास घरी पोचलो. मावशी जागी होती. "आलीस? किती गं उशीर!" एवढेच ती म्हणाली. पुढे पहाटेपर्यंत दोघी बहिणी हात हातात घेऊन काहीबाही बोलत होत्या. आठव्या दिवशी मावशी गेली.

आई मला एक शब्दही बोलली नाही. उलट, "अरे, पोचलो ना वेळेत," असे म्हणून माझीच समजूत घातली. पण त्यानंतर देवळात जायचे असले की ती हळूच रिक्षा बोलावू लागली. "गाडी कशाला? तुझी उगीच धावपळ." रागावली असती तर मला बरे वाटले असते.

त्या रात्रीनंतर मी पेटून उठलो आणि व्यापाऱ्याला चार पानी पत्र लिहिले. ते पाठवण्याआधी शेजारच्या वकीलसाहेबांना दाखवले. त्यांनी चष्मा वर केला. "प्राध्यापक, तुमच्या पत्रात तीन उपमा आहेत, एक दृष्टान्त आहे आणि तारीख एकही नाही." मग त्यांनी समजावून सांगितले. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो जुलै २०२० पासून अमलात आहे. त्याखाली आपण जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोजलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असली तर प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. माझ्या साडेसात लाखांना शुल्क दोनशे रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. "पण नुसता संताप हा पुरावा नव्हे," ते म्हणाले. "दोष आहे हे दाखवावं लागतं. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवतो. म्हणून कारखान्यातल्या प्रत्येक कागदावर तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा, त्याची प्रत घ्या, आणि घरी वही ठेवा : कुठे, केव्हा, काय करताना बंद पडली."

तेव्हापासून डायरी सुरू झाली. मागच्या तारखा कारखान्याच्या कागदांवरून उतरवून घेतल्या. अलंकार नाहीत, विशेषणे नाहीत. माझ्या आयुष्यातले ते पहिलेच निर्दोष गद्य असावे.

पण आयोगाची पायरी चढायची म्हणजे हेलपाटे आले, आणि माझा मूळ स्वभाव वाद टाळण्याचा. ऑगस्टमध्ये मी ठरवले, विकून मोकळे व्हावे. ही बातमी प्राध्यापक-कक्षात पसरायला एक मधली सुट्टी पुरली. वाणिज्य शाखेतला एक तरुण प्राध्यापक माझ्याकडे आला. दोन वर्षांपूर्वी नोकरीत कायम झालेला, मोठा गुणी मुलगा. बायकोला सातवा महिना लागलेला. "सर, घरात बाळ येणार, गाडी लागेलच. तुमची आहे म्हटल्यावर बघायचंच काय? किती द्यायचे तेवढं सांगा."

त्याच वेळी माझ्या तोंडून शब्द निघाले, "गाडी काय, जवळजवळ नवीच आहे."

वाचकहो, हे वाक्य मी बोललो. त्या व्यापाऱ्याचेच वाक्य, त्याच गोड आवाजात. उद्या सांगतो, असे म्हणून मी घरी आलो. रात्री हिला सांगितले. सहा लाख तरी सहज येतील, हेही सांगितले. ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, त्या पोरीला मध्यरात्री कळा सुरू झाल्या आणि गाडी नुसती 'टक्' म्हणाली, तर?"

मला सुरूर फाटा दिसला. मांडीवरचा डबा दिसला. त्या रात्री झोप कसली ती आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला बाजूला घेतले आणि सगळे सांगितले. कालचे वाक्य खोटे होते, हेही सांगितले. पुरावा म्हणून डायरी त्याच्या हातात दिली. त्याने ती तिथेच उभ्याने वाचली. तो रागावला नाही. म्हणाला, "सर, माझे मामा नाना पेठेत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. एकदा आणू का?"

मामा रविवारी आले. साठीचे गृहस्थ, नाकावर चष्मा, हातात एक साधा मीटर. गाडीकडे न पाहता त्यांनी आधी डायरी मागितली. "हे बरं केलंत साहेब. अकराच्या अकरा वेळा गाडी उभी केल्यावर परत चालू करताना हटून बसलीय. चालता चालता एकदाही नाही." एवढ्या सगळ्या यंत्रांना जे दिसले नव्हते, ते माझ्या वहीत लिहिलेले होते आणि मलाही दिसले नव्हते!

त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाला लावली आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. काटा दोन व्होल्टांच्या वर गेला. "अर्धासुद्धा दिसता कामा नये," मामा म्हणाले. "तुमच्या गाडीला अर्थ मिळत नाही."

"काय मिळत नाही?" मी दचकून विचारले. वीस वर्षे मी लोकांच्या कवितांना अर्थ लावत आलो आहे.

"अर्थ हो, अर्थ! बॅटरीतून गेलेली वीज परत यायला वाट नको? इंजिन रबरावर बसवलेलं असतं. त्याच्यापासून बॉडीपर्यंत ही तांब्याची पट्टी असते. स्टार्टरला शंभराच्या वर अँपिअर लागतात. पट्टी धड टेकली नसेल तर एवढी वीज परतणार कशी? मग बॅटरी बदला नाही तर स्टार्टर, उपयोग शून्य." त्यांनी पट्टीचा बोल्ट सोडला आणि खालची जागा मला दाखवली. तिथे चकचकीत, आरशासारखा रंग होता. "गाडी पुढून ठोकलेली आहे साहेब. बॉडी सरळ केली, झकास रंग मारला, आणि ओल्या हौसेनं बोल्ट रंगावरच आवळला. रंगातून वीज जात नाही. कधी जराशी वाट मिळते, कधी नाही. गरम झालं की आणखी बिघडतं."

ज्या रंगावर आम्ही भाळलो होतो, तोच रंग वर्षभर आमच्या आणि अर्थाच्या मध्ये उभा होता.

मामांनी कानशीने रंग खरवडला, पॉलिश पेपरने जागा घासली, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. पंचवीस मिनिटे आणि तीनशे रुपये. काटा जेमतेम हलला. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली आणि आजतागायत रुसलेली नाही.

व्यापाऱ्याला मी नवे पत्र लिहिले. एक पान, अकरा तारखा, रंगाचे छायाचित्र, मामांचा लेखी अभिप्राय आणि कायद्याचे नाव. उपमा एकही नाही. तीन आठवड्यांत बॅटरीचे नि गाडी ओढून नेण्याचे पैसे परत आले. अपघात लपवल्याबद्दल किंमत कमी करून मागायची बोलणी वकीलसाहेब चालवीत आहेत. नाहीच जमले तर दोनशे रुपये तयार ठेवले आहेत.

आमच्या तरुण मित्राला मुलगी झाली. दवाखान्यात त्यांना मीच घेऊन गेलो, रात्री अडीच वाजता. किल्ली फिरवताना माझा हात थरथरला, पण गाडीने लाज राखली.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मावशीच्या सुनेला भेटायला वाईला निघालो. आईला म्हटले, "येतेस का?" ती क्षणभर घुटमळली आणि मागच्या आसनावर जाऊन बसली. सुरूर फाटा आला. मी मुद्दामच वेग कमी केला नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब रे इथं. चहा घेऊ."

मी गाडी कडेला घेतली. इंजिन मात्र चालूच ठेवले. आईने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "बंद कर की. पेट्रोल काय फुकट येतं?"

मी किल्ली फिरवली. चहा झाला. तिथला चहा इतका चांगला असतो, हे मागच्या खेपेला लक्षातच आले नव्हते. परत येऊन बसलो. आई काही बोलली नाही, पण आरशातून मला दिसले, तिने डोळे मिटून हात जोडले होते.

गाडी सुरू झाली.