खोकला पंधरा दिवसांवर गेला तर



घरात कोणाचाही खोकला दोन आठवडे टिकला, तर सिरपची आणखी एक बाटली आणण्याआधी बेडका तपासून घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे आजोबांचा खोकला तंबाखूचा, आजीचा वयाचा आणि बाबांचा धुळीचा ठरतो व महिने निघून जातात. तो दम्याचा, अ‍ॅलर्जीचा किंवा आम्लपित्ताचाही असू शकतो, नाही असे नाही. पण क्षय नाही याची खात्री आधी करायला नको का?

आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो. हिंदीत ‘बलगम की जाँच’ म्हटले की काय द्यायचे ते लगेच कळते. मराठीत ‘थुंकी तपासणी’ हा शब्द रुळला आणि माणसे डबीत खरोखरच थुंकी देऊन येतात! नुसत्या लाळेच्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही, छातीतला बेडका हवा. सकाळी उठल्यावर चूळ भरावी, दोन-तीनदा खोल श्वास घ्यावा आणि जोराने खोकून तो डबीत काढावा. हे मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर करावे. बहुधा दोन नमुने मागतात, त्यांतला एक सकाळचा.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे बर्लिनमध्ये जाहीर केले ते २४ मार्च १८८२ रोजी. पुढे बेडका रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत आली. ती स्वस्त आहे, पण एका मिलिलिटरमध्ये हजारो जंतू असल्याशिवाय त्यात दिसत नाहीत. आताची सीबीनॅट व ट्रूनॅट यंत्रे जंतूचा डीएनए ओळखतात, म्हणून थोडे जंतूही सापडतात. शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, तेही काही तासांत समजते. एक्स-रेमध्ये डाग दिसतो, पण तो कशाचा ते एक्स-रे खात्रीने सांगत नाही. अहवाल चांगला आला आणि खोकला तसाच राहिला, तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषधे मोफत आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १००० रुपयेही मिळतात. अडते कुठे? ‘मुलीच्या लग्नाचे काय, शेजारी काय म्हणतील’ इथे. उपचाराविना खोकणारा माणूस घरात ठेवणे आम्हाला त्याहून महाग वाटते.

कारण लहान मुलांना बेडका काढता येत नाही, ती तो गिळतात. त्यांच्या तपासणीसाठी कधी नाकातून नळी घालून पोटातला द्रव घ्यावा लागतो. आणि मुलांना लागण होते ती बहुधा घरातल्याच मोठ्या माणसाकडून. आजोबांनी वेळेवर एक डबी भरून दिली, तर नातवाची नळी टळेल.

घरात असे निदान झाले तर वर्गशिक्षिकेला जरूर कळवावे. वर्गात नाव घेतले जाणार नाही, बुडलेला अभ्यास आम्ही भरून देऊ. डॉक्टरांनी शाळेत यायला हरकत नाही म्हटले, की मुलाचा बाक वेगळा राहणार नाही.